साठ विरुद्ध शून्य

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात दहा दिवसांच्या अंतराने दोन निवडणुका झाल्या. १० नोव्हेंबरला हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटराष्ट्रात मतदान झाले आणि मुख्य बेटावरील सर्वच्या सर्व ६० जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांना स्वतःची जागाही राखता आली नाही. २० नोव्हेंबरला महाराष्ट्रात मतदान झाले आणि विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा सत्तारूढ महायुतीकडे गेल्या. तिकडे मतदारांनी सरकार मुळासकट उपटून टाकले. इकडे ते अधिक बळकट करून परत पाठवले. निकाल परस्परविरुद्ध आहेत, परंतु दोहोंतून उभा राहणारा प्रश्न एकच आहे. सभागृहात विरोध नावापुरताच उरतो तेव्हा सत्तेला जाब कोणी विचारायचा?

या प्रश्नाचे एक उत्तर मॉरिशसच्या घटनेने देऊन ठेवले आहे. तेथे विरोधी पक्षनेता हे घटनेनेच निर्माण केलेले पद आहे. २०२४ मध्ये पराभूत सत्ताधारी आघाडीचे अवघे दोन सदस्य सभागृहात पोहोचले, तेही एका विशेष तरतुदीच्या आधाराने; तरीही त्यांच्यातून विरोधी पक्षनेता नेमला गेला. महाराष्ट्रात शिवसेना (उद्धव ठाकरे), काँग्रेस आणि राष्ट्रवादी (शरद पवार) या तीन पक्षांचे मिळून ४६ आमदार निवडून आले. एकाही पक्षाला एकट्याने २९ जागा मिळाल्या नाहीत म्हणून एक-दशांश संख्येच्या संकेताकडे बोट दाखवण्यात आले आणि विरोधी पक्षनेतेपदाचा प्रश्न लोंबकळत पडला. साडेबारा लाख वस्तीच्या बेटाला जे सुचले ते बारा कोटींच्या राज्याला सुचू नये, ही गोष्ट खेदाची आहे.

परंतु मॉरिशसकडे आम्ही वळत आहोत ते केवळ या एका तुलनेसाठी नव्हे. ज्या पक्षाने स्वतःला समाजवादी म्हणवून घेतले, हरताळ पुकारले, तुरुंगवास सोसला आणि शेवटी मतपेटीतून संपूर्ण सत्ता मिळवली, त्या पक्षाचे मंत्रिमंडळ नऊ महिन्यांत कसे मोडले, याचा सर्व तपशील त्या बेटाच्या इतिहासात आहे. कामथडी-नसरापूरच्या किंवा वेल्ह्याच्या डोंगरातल्या कार्यकर्त्याला दूरच्या बेटाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर असे की, सत्ता आणि पक्ष यांचे नाते लहान ठिकाणी जसे उघडे दिसते तसे मोठ्या देशात दिसत नाही. मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढे. मतदार दहा लाखांच्या आसपास आणि निवडून द्यायचे प्रतिनिधी ६२. एका प्रतिनिधीमागे सोळा हजार मतदार, म्हणजे साधारण आपल्या पंचायत समितीच्या एका गणाएवढे. भोर, वेल्हे आणि मुळशी मिळून चार लाखांहून अधिक मतदारांना आपल्याकडे एकच आमदार आहे. तेथे मंत्री हा गावकरीच असतो. लग्नाला येतो, मयतीला येतो, आणि मुलाच्या नोकरीसाठी त्याच्या दारात उभे राहता येते. त्या जवळिकीत लोकशाहीचे बळ आहे आणि तिचा रोगही तेथेच आहे.

शिवाय हे बेट आपल्याला अगदीच परके नाही. १८३४ पासून गिरमिटाच्या करारावर जे लाखो हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर नेण्यात आले त्यांत मुंबई बंदरातून गेलेली, विशेषतः कोकणातली, मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज मराठी म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. शाळांत मराठी शिकवले जाते. २०२३ मध्ये तेथे शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले तेव्हा महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री उपस्थित होते. आपले मंत्री पुतळ्यापर्यंत पोहोचले, हे ठीकच झाले. त्या मराठी मजुरांच्या नातवंडांनी कोणत्या राजकारणात भाग घेतला, याची विचारपूस मात्र आपल्याकडे फारशी होत नाही.

प्रथम त्या देशाच्या पदरात जे श्रेय पडते ते मोकळेपणाने दिले पाहिजे. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले तेव्हा त्याच्या भवितव्याविषयी जाणत्यांचे मत निराशेचे होते. पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या आपल्या अहवालात एकाच पिकावर जगणारे बेट, वाढती लोकसंख्या आणि तुटपुंजा रोजगार यांचे चिंताजनक चित्र रेखाटले होते. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाकडे गेली होती आणि १९६८ च्या जानेवारीत राजधानी पोर्ट लुईमध्ये दोन समाजांत रक्तपात झाला होता. असा देश कोसळेल, हा अंदाज अवाजवी नव्हता. तो कोसळला नाही. सर शिवसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाने वृद्धांना निवृत्तिवेतन, मोफत आरोग्यसेवा आणि १९७७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण अशी कल्याणकारी राज्याची चौकट उभी केली. सर्व वृद्धांना उत्पन्नाची अट न घालता निवृत्तिवेतन ही गोष्ट तर तेथे १९५८ पासूनची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. युरोपीय बाजारात साखरेला मिळालेला हमीचा भाव, १९७० नंतरचे निर्यात क्षेत्रातील कापडधंदे आणि पुढे पर्यटन यांतून या व्यवस्थेला पैसा मिळाला.

हे सर्व नेत्यांच्या औदार्याने घडले असे मानण्याचे कारण नाही. लोकांनी ते भांडून घेतले. १९७५ च्या मे महिन्यात विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यानंतर मतदानाचे वय अठरावर आले आणि दुसऱ्याच वर्षी मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा झाली. सरकारे मतदारांनी बदलली आणि प्रत्येक वेळी सत्तांतर शांततेने झाले. वसाहतवादातून सुटलेल्या किती देशांना असे सांगता येईल? म्हणून पुढे आम्ही जी टीका करणार आहोत ती लोकशाही टिकवलेल्या देशावरची टीका आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता त्या पक्षाकडे वळू. १९६९ मध्ये पॉल बेरांजे, देव विरासामी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 'मॉरिशियन मिलिटंट मूव्हमेंट' हा पक्ष स्थापन केला. हिंदू, मुसलमान, क्रिओल अशा जमातींच्या राजकारणाऐवजी वर्गाचे राजकारण करायचे, गोदीकामगार, मळ्यांवरचे मजूर आणि वाहतूक कामगार यांना एका झेंड्याखाली आणायचे, ही त्यांची प्रतिज्ञा होती. १९७० च्या पोटनिवडणुकीत विरासामी हे खुद्द रामगुलाम यांचा प्रभाव असलेल्या त्रिओले भागातून निवडून आले. सत्ताधाऱ्यांना घाम फुटला. १९७१ च्या संपानंतर आणीबाणी पुकारण्यात आली, पक्षाच्या वृत्तपत्रावर बंदी आली, आणि बेरांजे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ चे बरेचसे वर्ष तुरुंगात काढले. १९७२ मध्ये व्हावयाची निवडणूक १९७६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. १९७५ ते १९७७ ची आपली आणीबाणी ज्यांनी पाहिली त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल.

१९७६ मध्ये निवडणूक झाली तेव्हा हा सात वर्षांचा पक्ष ७० पैकी ३४ जागा घेऊन सर्वांत मोठा ठरला. मजूर पक्षाने स्वातंत्र्यविरोधी म्हणून ज्यांना हिणवले होते त्यांच्याशीच हातमिळवणी करून ३६ विरुद्ध ३४ अशा काठावरच्या बहुमताने सत्ता राखली. त्यानंतरची सहा वर्षे महागाई, रुपयाचे अवमूल्यन आणि नाणेनिधीच्या अटी यांत गेली. जून १९८२ मध्ये हरीश बुधू यांच्या समाजवादी पक्षाबरोबर युती करून 'मिलिटंट' पक्षाने मुख्य बेटावरच्या साठही जागा जिंकल्या. राष्ट्रपिता म्हणून गौरवलेले शिवसागर रामगुलाम आपल्या मतदारसंघात हरले. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले आणि संपांचे सूत्रधार बेरांजे यांनी अर्थखाते हाती घेतले.

साथींनो, त्या विजयाचे पुढे काय झाले ते नीट पाहिले पाहिजे. मार्च १९८३ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांत, बेरांजे आणि त्यांच्या दहाहून अधिक सहकारी मंत्र्यांनी राजीनामे दिले. राष्ट्रगीत क्रिओल भाषेत गायिले गेल्यावरून उठलेले वादळ हे वरकरणी निमित्त झाले. खरी कारणे दोन होती. पहिले आर्थिक. तिजोरी रिकामी होती आणि कामगारांच्या नेत्याला अर्थमंत्री म्हणून नाणेनिधीच्या काटकसरीचा गाडा ओढावा लागत होता. ज्या मागण्यांसाठी त्याने संप केले होते त्याच मागण्यांना त्याला नकार द्यावा लागत होता. दुसरे संघटनात्मक. पक्ष कोणाचा, पंतप्रधानांचा की सरचिटणीसांचा, याचा निर्णय विजयापूर्वी झालेला नव्हता. विरोधी पक्ष सभागृहात असता तर या भांडणाला काही आवर बसला असता. समोर कोणी नव्हते म्हणून पक्षाने आपल्यातच विरोधी पक्ष निर्माण केला आणि तो मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती बसवला.

त्यानंतरचा भाग विषण्ण करणारा आहे. जगन्नाथ यांनी 'मिलिटंट सोशालिस्ट मूव्हमेंट' नावाचा नवा पक्ष काढला आणि ज्या मजूर पक्षाला वर्षापूर्वी नेस्तनाबूत केले होते त्याच्याशीच युती करून ऑगस्ट १९८३ ची निवडणूक जिंकली. बेरांजे यांच्या पक्षाला सुमारे ४६ टक्के मते पडूनही तो विरोधात बसला. वर्षअखेरीस जगन्नाथ यांच्याच राजवटीत पराभूत रामगुलाम देशाचे गव्हर्नर जनरल झाले. 'मिलिटंट' आणि 'सोशालिस्ट' हे दोन्ही शब्द पक्षांच्या पाट्यांवर राहिले. त्यांचा अर्थ मात्र त्याच वर्षी निघून गेला. पुढील चाळीस वर्षांत तीन मोठ्या पक्षांच्या ज्या ज्या जोड्या जुळवता येणे शक्य होते त्या सर्व जुळवून झाल्या. १९९१ ला जगन्नाथ आणि बेरांजे एकत्र, १९९५ ला रामगुलामपुत्र नवीन आणि बेरांजे एकत्र आणि पुन्हा ६० विरुद्ध शून्य, २००० ला पुन्हा जगन्नाथ आणि बेरांजे, २०१० ला नवीन रामगुलाम आणि जगन्नाथांचा पक्ष, २०१४ ला नवीन रामगुलाम आणि बेरांजे, आणि २०२४ ला पुन्हा तेच दोघे. २००० च्या करारात तर पहिली तीन वर्षे जगन्नाथ आणि नंतरची दोन वर्षे बेरांजे पंतप्रधान, अशी पंतप्रधानपदाचीच वाटणी झाली होती, आणि ती पाळलीही गेली.

हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी आपला इतिहास आठवावा. १ मे १९७७ रोजी समाजवादी पक्षाने स्वतःला जनता पक्षात विसर्जित केले. हुकूमशाहीचा पराभव हे ध्येय मोठे होते आणि ते साध्यही झाले. परंतु जुलै १९७९ मध्ये सरकार कोसळले तेव्हा कार्यकर्त्याच्या हातात ना सरकार उरले ना पक्ष. दुहेरी सदस्यत्वाचा वाद तत्त्वाचा होता यात शंका नाही. पण तो विलीनीकरणापूर्वी सोडवायचा होता, मंत्रिपदांचे वाटप झाल्यावर नव्हे. त्याही मागे जावयाचे तर आपल्या रोहिड खोऱ्यातल्या कारीच्या जेधे घराण्याशी नाते सांगणाऱ्या केशवराव जेध्यांचे उदाहरण आहे. काँग्रेसमध्ये शेतकऱ्याला न्याय मिळत नाही म्हणून त्यांनी शंकरराव मोरे यांच्यासह शेतकरी कामगार पक्ष उभा केला, आणि काही वर्षांत ते स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. त्यांच्या निष्ठेबद्दल आम्हांला प्रश्न उपस्थित करायचा नाही. नेता परतला की पक्षाचा कणा का मोडावा, हा आमचा प्रश्न आहे.

या आजाराचे मूळ शोधताना व्यक्तींच्या स्वभावाकडे पाहून भागत नाही. अंकगणिताकडे पाहावे लागते. मॉरिशसच्या घटनेनुसार पंतप्रधानांखेरीज २४ पर्यंत मंत्री नेमता येतात. म्हणजे ७० च्या सभागृहात २५ जण मंत्रिमंडळात असू शकतात. बहुमताला ३६ सदस्य लागतात असे धरले, तर काठावरचे बहुमत असलेल्या पक्षात दर तिघांपैकी दोघे मंत्री होऊ शकतात आणि उरलेल्यांना उपपदे, मंडळे, महामंडळे यांची आशा दाखवता येते. अशा पक्षात पंतप्रधानांना प्रश्न विचारणारा सदस्य उरेल कोठून? त्याला आपल्या निर्वाहाविरुद्धच मत द्यावे लागेल. आपल्याकडे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. महाराष्ट्रात ती मर्यादा ४३ येते. तरतूद चांगली आहे. पण २३० आमदारांच्या बहुमतात ४३ मंत्रिपदे पुरत नाहीत म्हणून उरलेल्यांची सोय कोठे लावली जाते, हे महामंडळांच्या नेमणुका वाचणाऱ्यांना सांगायला नको. मंत्रिपद हे धोरण राबवण्याचे साधन राहिले नाही. ते पक्ष बांधून ठेवण्याचा पगार झाले आहे. मॉरिशसमध्ये हे उघड्यावर दिसते एवढेच.

अंकगणिताचा दुसरा भाग जातीजमातींचा आहे. मुख्य बेटाच्या २० मतदारसंघांतून प्रत्येकी तीन सदस्य निवडून येतात, रॉड्रिग्ज बेटावरून दोन. त्यांच्यावर आणखी आठ जागा पराभूत उमेदवारांतून भरण्याची सोय आहे. तिला 'उत्तम पराभूत' पद्धती म्हणता येईल. सभागृहात ज्या जमातीचे प्रतिनिधी कमी पडतील तिचे सर्वाधिक मते मिळवलेले पराभूत उमेदवार या जागांवर घेतले जातात. घटनेने जमाती चार मानल्या आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि उरलेले सर्व. अल्पसंख्याकांना भयमुक्त करण्याचा मूळ हेतू चांगला होता आणि त्याचे फळही मिळाले. १९६८ च्या दंगलीची भीषणता त्या देशाने पुन्हा वारंवार पाहिली नाही. परंतु या सोयीचा हिशोब १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर जनगणनेत जमात विचारणेच बंद झाले. पन्नास वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवर आजचे प्रतिनिधी ठरतात. कायद्यात जो हिंदू एक आहे तो उमेदवारी वाटताना एक राहत नाही. बिहारी वंशाच्या हिंदूंमधील जाती, तामिळ, तेलुगू आणि मराठी अशा प्रत्येकाचा वेगळा हिशोब होतो. मराठी समाजाच्या वाट्याला एखादी उमेदवारी, एखादे मंत्रिपद येते आणि त्यालाच प्रतिनिधित्व म्हटले जाते. मळ्यावर ऊस तोडणारा मराठी आणि तामिळ मजूर एकाच मुकादमाचा मार खात होता, ही आठवण या वाटपात कोठेच राहत नाही.

तिसरी गोष्ट घराण्यांची. १९६८ पासून त्या देशाने केवळ पाच पंतप्रधान पाहिले: शिवसागर रामगुलाम, अनिरुद्ध जगन्नाथ, नवीन रामगुलाम, पॉल बेरांजे, प्रविंद जगन्नाथ. बेरांजे यांची २००३ ते २००५ ही दोन वर्षे सोडली तर सर्व काळ दोन घरांत वाटला गेला आहे. जानेवारी २०१७ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ यांनी पायउतार होऊन पंतप्रधानपद पुत्राच्या हाती दिले. मतदारांना विचारले गेले नाही. सत्ता गेली की अटकेची वेळ येते, हीही एक रीत झाली: २०१५ मध्ये नवीन रामगुलाम यांना अटक झाली, २०२५ मध्ये प्रविंद जगन्नाथ यांना. आरोपांचा खरेखोटेपणा ठरवणे न्यायालयाचे काम आहे. लोकांना मात्र दोन घरांच्या भांडणातले प्रेक्षक होऊन राहावे लागते.

भोरच्या वाचकाला घराणे म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नाही. पंत सचिवांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्यानंतरच्या लोकशाहीतही काँग्रेसची आमदारकी अनंतराव थोपटे यांच्याकडून पुढे संग्राम थोपटे यांच्याकडे आली. २०२४ मध्ये संग्राम थोपटे पराभूत झाले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. एका व्यक्तीला दोष देणे सोपे आहे. महाराष्ट्रातला कोणता तालुका याला अपवाद आहे? येथे मॉरिशसशी एक फरक मात्र आहे. तेथील साखर प्रामुख्याने फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांच्या हाती राहिली आणि राज्य मजुरांच्या वंशजांच्या हाती आले. आर्थिक सत्ता एकीकडे, राजकीय सत्ता दुसरीकडे. त्यामुळे दोघांना एकमेकांशी घासाघीस करणे भाग पडले आणि त्या घासाघिशीतून निवृत्तिवेतनाला, शाळांना पैसा निघाला. आपल्याकडे साखर कारखान्याचे अध्यक्षपद, जिल्हा बँक आणि आमदारकी एकाच वाड्यात नांदण्याची रीत पडली. सहकाराची मूळ कल्पना शेतकऱ्याला मालक करण्याची होती. मालक कोण झाला, हे ऊस घालणाऱ्या सभासदाला विचारावे.

आता या सर्वांहून महत्त्वाच्या, अगदी अलीकडच्या गोष्टीकडे येतो. 'रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव' नावाचा एक लहान डावा गट मॉरिशसमध्ये आहे. उमेदवारी अर्जात जमात लिहिण्यास त्याच्या कार्यकर्त्यांनी नकार दिला, अर्ज बाद झाले, तरी ते हटले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत ते गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सक्ती उठवण्यात आली. हा गट २०२४ मध्ये विजयी आघाडीत सामील झाला आणि त्याचे नेते, कामगार संघटनांत आयुष्य घालवलेले अशोक सुब्रॉन, सामाजिक सुरक्षा मंत्री झाले. सात महिन्यांनी, जून २०२५ च्या अर्थसंकल्पात, पंतप्रधान आणि अर्थमंत्री नवीन रामगुलाम यांनी वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ वर नेण्याचे जाहीर केले. कामगार संघटना रस्त्यावर आल्या. सामाजिक सुरक्षेचे खाते ज्याच्याकडे होते तो मंत्री त्याच संघटनांतून आलेला होता.

१९८२ चे अर्थखाते आणि २०२५ चे सामाजिक सुरक्षा खाते यांत चार दशकांचे अंतर आहे. कोंडी तीच आहे. तिची आर्थिक बाजू समजून घेतली पाहिजे. लोकसंख्या वृद्ध होत आहे, कर्ज वाढले आहे, हे सरकारचे म्हणणे निराधार नव्हते. परंतु तिजोरीवर हा भार कसा वाढला? २०१४ च्या निवडणुकीत निवृत्तिवेतन एकदम पाच हजार रुपयांवर नेण्याचे आश्वासन देण्यात आले, आणि तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत त्याचा लिलाव झाला. करवाढ कोणावर बसवायची, मळ्यांच्या व हॉटेलांच्या मालकांकडून किती घ्यायचे, हे कोणी सांगितले नाही. १९५८ मध्ये जो हक्क होता त्याची निवडणुकीतली भेट झाली. आणि भेट देणाऱ्याला ती परत मागण्याचाही अधिकार आहे असे वाटू लागले. आपल्या 'लाडकी बहीण' योजनेकडे या दृष्टीने पाहावे. २०२४ च्या जुलैपासून दरमहा १,५०० रुपये आणि नोव्हेंबरच्या प्रचारात २,१०० चे आश्वासन! गरीब स्त्रीच्या हाती पैसा पडला याचे आम्ही स्वागतच करतो. पण त्याच देशात साठ ते एकोणऐंशी वर्षे वयाच्या गरीब वृद्धाला केंद्र सरकारच्या योजनेतून मिळणारा वाटा वर्षानुवर्षे दरमहा २०० रुपयांवर अडकला, त्याची कोणा मंत्र्याला लाज वाटली नाही. भेट निवडणुकीच्या तिथीने वाढते. हक्क महागाईच्या दराने वाढतो. समाजवाद्यांनी या दोहोंतला फरक गावोगाव समजावून सांगितला पाहिजे.

मग लहान समाजवादी पक्षाने काय करावे? सत्तेपासून दूर राहून हात स्वच्छ ठेवावेत, असे सांगणारे काही साथी आहेत. आम्हांला ते मान्य नाही. मॉरिशसचे निवृत्तिवेतन आणि शाळा सत्तेतूनच आल्या, रोजगार हमी कायदाही विधिमंडळातूनच आला. सत्ता घ्यावी, परंतु काही अटी स्वतःवर घालून घ्याव्यात. पहिली, आघाडीचा करार लेखी आणि जाहीर असावा, आणि त्यात कोणत्या गोष्टीसाठी आपण सरकारातून बाहेर पडू याची यादी असावी. ती यादी नसेल तर मंत्र्याला रोज थोडे थोडे सरकत जाण्याची सवय लागते आणि थांबावे कोठे हे त्याला कळत नाही. दुसरी, जो मंत्री झाला त्याने पक्षाचे पद सोडावे. पक्षाच्या कार्यकारिणीत मंत्र्याला बोलावून जाब विचारता आला पाहिजे. तोच अध्यक्ष असेल तर विचारणार कोण? तिसरी, कामगार संघटना, सहकारी संस्था, महिलांचे गट यांची सूत्रे सरकारात न गेलेल्या साथींकडे राहावीत, म्हणजे सरकार आपले असले तरी मोर्चा काढता येईल. चौथी, एकाच घरात पक्षाचे पद आणि उमेदवारी दोन पिढ्या राहू नये. या अटी कडक आहेत. त्या पाळणारा पक्ष वाढायला वेळ लागेल. न पाळणाऱ्या पक्षाचे काय होते ते १९८३ मध्ये पोर्ट लुईला दिसले आणि १९७९ मध्ये दिल्लीला.

सत्तास्थानावरून 'नाही' म्हणता येते, याचाही दाखला त्याच बेटावर आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष कासम उतीम यांच्यापुढे दहशतवादविरोधी विधेयक सहीसाठी आले. नागरिकांच्या स्वातंत्र्यावर ते घाला घालील असे त्यांचे मत होते. त्यांनी सही केली नाही, राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले उपराष्ट्राध्यक्ष अंगिदी चेट्टियार यांनीही तेच केले. उतीम हे मूळचे त्याच 'मिलिटंट' पक्षाचे कार्यकर्ते. विधेयक अखेर कायदा झाले, हे खरे आहे. तरीही राज्यघटनेतील सर्वोच्च खुर्ची एका सहीसाठी दोनदा रिकामी झाली, ही नोंद त्या लहानशा प्रजासत्ताकाच्या इतिहासात राहिली. ज्या पक्षाने पुढे तत्त्वांची इतकी अदलाबदल केली त्याच्या पहिल्या पिढीत असे धातूचे माणूस घडले होते, कारण ती पिढी संपात आणि तुरुंगात घडली होती. उमेदवारीच्या रांगेत अशी माणसे घडत नाहीत.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या राजकारणात आपल्या कार्यकर्त्यांपुढे हाच प्रश्न लहान आकारात वारंवार येतो. कोणाच्या आघाडीत जायचे, किती जागा घ्यायच्या, सभापतिपद की उपसभापतिपद. या वाटाघाटी जरूर कराव्यात. परंतु बैठकीला जाण्यापूर्वी गावातल्या दहा माणसांसमोर बसून एक कागद लिहावा: पिण्याच्या पाण्याचे काय, भाटघर धरणाच्या काठावर राहून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांचे काय, महामार्गालगतच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या तरुणांच्या वेतनाचे काय. आणि खाली लिहावे की, यांतले काय झाले नाही तर आपला सदस्य राजीनामा देईल. ज्या आघाडीला हा कागद चालत नाही ती आपली आघाडी नव्हे. साठ विरुद्ध शून्य असा विजय मिळवून नऊ महिन्यांत मोडणाऱ्या पक्षापेक्षा, एक सदस्य निवडून आणून पाच वर्षे त्याला जाब विचारणारा पक्ष आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.